पाटीवरचा दुसरा बिल्ला

प्रिय धाकट्या,

हे तुला लिहिलेलं चौथं पत्र. आधीची तीन मीच फाडली, तेव्हा उत्तर दिलं नाहीस म्हणून तुझ्यावर डाफरण्याची सोय नाही. फोनवर तू ‘ठीक आहे’ आणि ‘आईला दे’ याच्यापलीकडे जात नाहीस, आणि त्या चार शब्दांत मला काही बसवता येत नाही. म्हणून कागद घेऊन बसले आहे. सकाळचे अकरा वाजलेत, आई आतल्या खोलीत आहे आणि मला आज कामावर जायचं नाही. का जायचं नाही ते सांगते, पण मला जमेल तसं आणि सुरुवातीपासून. अक्षर लागत नाही ही सबब ऐकून घेणार नाही. तुझा शाळेचा गृहपाठ मी याच अक्षरात करून दिलेला आहे आणि तेव्हा तुला ते छान लागायचं.

तर पहिली बातमी ही, की आपल्या अग्निशमन केंद्रात भूत आहे. हसायचं असेल तर हसून घे. मी आधी हसले, मग चिडले, आणि आता नुसता वैताग उरला आहे. मुख्यालयातल्या टेबलावर सात वर्षं कागद ढकलल्यावर तीन महिन्यांपूर्वी मला केंद्रप्रमुख करून इथे परत पाठवलं, हे आईने तुला सांगितलंच असेल. खुर्चीबरोबर गळकं छत मिळालं आणि माणसं मिळाली निम्मी. आठ हवेत तिथे चौघं आहोत, त्यामुळे प्रमुखबाईंनाही मास्क चढवून आत घुसावं लागतं. आल्याच्या दुसऱ्याच दिवशी मी सगळ्यांना मागच्या शेडमध्ये धूर करून सराव करायला लावला. जोडीने आत गेलो, जोडीने बाहेर आलो, बरा झाला. चहा पिऊन परत येते तर आपल्या गेलेल्या मास्तरांचा बिल्ला पाटीवर.

पाटी तीच आहे, तू रंगवलेली. वरची रांग ‘हजर’ची, खालची ‘आत’ची. ‘आत’मधला ‘त’ तू जरा तिरका काढला होतास, तो अजून तसाच तिरका आहे. प्रत्येकाचा पितळी बिल्ला, आगीत शिरताना आपला बिल्ला खालच्या रांगेत अडकवायचा आणि बाहेर आलं की आपल्याच हाताने काढून घ्यायचा. हुकवर बिल्ला आहे म्हणजे माणूस अजून आत आहे. पाटीजवळच्या माणसाने फक्त तेवढंच बघायचं, बाकी आभाळ कोसळलं तरी बघायचं नाही. आगीचं काम शिकवताना मास्तरांनी हे आपल्या दोघांच्या डोक्यात किती ठोकून बसवलं होतं! त्यांचा स्वतःचा बिल्ला मात्र गेली सात वर्षं ऑफिसात त्यांच्या फोटोखाली, काचेच्या चौकटीत स्क्रू लावून बंद आहे. तो बिल्ला त्या दिवशी ‘आत’च्या रांगेत दुसऱ्या हुकवर लटकत होता, आणि चौकटीची काच जागच्या जागी, स्क्रूंवर धूळसुद्धा तशीच.

मी तडक ढब्बूला धरलं. ढब्बू तुझ्यानंतर आला. दार भरेल एवढा माणूस आहे, पेटत्या जिन्यावरून म्हाताऱ्यांना खांद्यावर घालून आणतो, आणि भुताचं नाव काढलं की टॉवेलात तोंड लपवतो. त्याने देवाशपथ, आईशपथ आणि पगाराशपथ सांगितलं की मी नाही. चौथा जवान कंबरदुखीने वाकलेला, त्याचा हात पाटीपर्यंत पोचतच नाही. उरले चालककाका. ते अजून आहेत, बंब अजून त्यांचाच आहे, आणि स्वभावही तोच. त्यांनी बिल्ल्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, “मास्तर अजून आतच आहेत, बाई. तुझ्या भावाला विचार त्यांना का विसरला ते.” मी बिल्ला काढून चौकटीत परत ठेवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाटीवर. तिसऱ्या दिवशी पुन्हा. मी चौकटीला कुलूप घातलं, किल्ली गळ्यात अडकवली, आणि चौथ्या दिवशी कुलूप लावलेल्या चौकटीतून बिल्ला पाटीवर आलाच, वर पाटीजवळ लवंगेचा वास. आठवतंय ना, मास्तर दिवसभर लवंग चघळायचे? गेले तरी त्यांची दुसऱ्याच्या कामात खोट काढायची सवय गेली नाही, असं मी तेव्हा रागाने म्हणाले. पाण्याचा होज नीट गुंडाळला नाही तर तो उलगडून पुन्हा गुंडाळायला लावणारा माणूस, मेल्यावर तरी शांत कसा बसेल!

मुख्यालयाला कळवावं तर त्यांनी एक फॉर्म पाठवला, ‘पक्षी, उंदीर व इतर जीव यांपासून इमारतीस होणारा उपद्रव’. मी ‘इतर’वर खूण केली आणि उपद्रवाच्या स्वरूपात ‘बिल्ला हलतो’ असं लिहिलं. पंधरा दिवसांनी उत्तर आलं, बिल्ल्याचे वजन कळवावे. मी वजन कळवलं. त्यावर अजून काही आलेलं नाही. तू विचारशील, ताई, तू इतकी साधी कधीपासून झालीस? झाले नाही रे. डोकं इतकं पिकलं होतं की समोर येईल तो रकाना मी भरत होते.

आणि गाव! या गावाला बोलायला विषय लागतो. समोरच्या न्हाव्याने खुर्ची फिरवून ठेवली, गिऱ्हाइकाला दाढी करता करता आमचा दरवाजा दिसावा म्हणून. बेकरीवाली रोज काहीतरी घेऊन येते आणि तासभर हलत नाही. शाळेने मुलांची सहल विचारली, आग बघायला नाही, बिल्ला बघायला. हे सगळं मी सोसलं असतं. पण प्रत्येकाच्या तोंडी शेवटी एकच वाक्य, ‘बिचारे मास्तर, पाटीवरच्या त्या पोराला अजून जाब विचारतायत.’ सात वर्षांत जे सगळे विसरायला आले होते, ते भुताने पुन्हा उकरून काढलं. लाकडी फर्निचरचं गोदाम, दुपारची वेळ, पाटीवर तू, ‘सगळे बाहेर’ अशी तुझी आरोळी, आणि आत राहिलेले मास्तर. ज्यांनी त्या दिवशी धूरसुद्धा पाहिला नव्हता ते आता हातवारे करून सांगतात. आई भाजी आणायला गेली तर तिथे तिच्यासमोरच कुणीतरी म्हणालं. घरी आली, पिशवी ओट्यावर ठेवली आणि एकच बटाटा इतका वेळ सोलत बसली की त्यात बटाटा उरला नाही.  

चालककाकांशी मी दोनदा भांडले. ते तुला सरळ खोटारडा म्हणतात. निष्काळजी म्हणाले असते तर मी मूग गिळून बसले असते, चौकशीच्या अहवालातही तेच छापलं होतं, ‘पाटीवरील कर्मचाऱ्याचा हलगर्जीपणा’. पण खोटारडा? तू काय खोटं बोललास? तू तर सगळं स्वतःहून कबूल केलंस, की होज जोडायला मदत म्हणून मी क्षणभर पाठ फिरवली, तेवढ्यात घाईत मास्तरांचा बिल्ला माझाच धक्का लागून खाली पडला असणार. बिल्ला पाटीखालच्या चिखलात सापडलाही. मी काकांना विचारलं, यात खोटं कुठलं ते सांगा. तर पान्याने बंबाच्या चाकाचा नट आवळत म्हणाले, “खोटारड्याला माहीत असतं.” असा राग आला की त्यांची पाना-पेटी उचलून गटारात टाकावी. टाकली नाही, कारण ती सरकारी आहे.

शेवटी मी ग्रंथपालबाईंना बोलावलं. नगर वाचनालयातल्या आपल्या बाई, तुला उशिरा पुस्तक परत केलं म्हणून बाकावर बसवायच्या त्याच. आता निवृत्त आहेत, गुन्हेकथांची दोन कपाटं तोंडपाठ आहेत, आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्यांना खरं रहस्य दिलं म्हणून इतक्या खूश झाल्या की मला भुतापेक्षा त्यांचाच जास्त त्रास झाला. पहिल्या दिवशी त्यांनी पाटीखाली टाल्कम पावडर पसरली, पाऊलखुणा मिळाव्यात म्हणून. पाऊलखुणा मिळाल्या नाहीत, पण आगीची वर्दी आल्यावर ढब्बू धावत सुटला आणि पावडरीवरून घसरत थेट बंबाखाली गेला. दुसऱ्या दिवशी त्यांनी चौकटीभोवती दोरा गुंडाळला. बिल्ला पाटीवर आला, दोरा तसाच. तिसऱ्या दिवशी विणकाम घेऊन स्वतः दोन वाजता पाटीसमोर खुर्ची टाकून बसल्या, डोळ्याला डोळा न लागू देता. अडीच वाजता त्यांना शिंक आली. शिंक झाली तेव्हा बिल्ला पाटीवर होता. शिंकेला किती वेळ लागतो यावर त्यांनी मग वहीत अर्धं पान लिहिलं.

मला वाटलं होतं यातून करमणुकीपलीकडे काही निघणार नाही. पण त्या बाई वाचनालयात बसून चाळीस वर्षं माणसांच्या नोंदी ठेवत आल्या आहेत. एका दुपारी ऑफिसात येऊन त्यांनी वही माझ्यासमोर उघडली. म्हणाल्या, “दोन गोष्टी जमत नाहीत बघ. एक, तू सुट्टीवर असतेस त्या दिवशी बिल्ला हलत नाही. एकदाही नाही. तुझी सुट्टी आहे आणि बिल्ला चौकटीत. तू आलीस की बिल्ला पाटीवर. दुसरं, तो नेहमी दुसऱ्याच हुकवर का? मास्तर एकटे आत राहिले असतील तर त्यांनी पहिल्या हुकवर असायला हवं. दुसरा म्हणजे जोडीतला मागचा. त्या दिवशी पहिल्या हुकवर कोण होतं?”

मी म्हणाले, मी होते. सगळ्यांना माहीत आहे मी होते, अहवालात छापलंय, मास्तर आणि मी जोडीने आत गेलो, मी पुढे, ते मागे, बाहेर येताना ते मागे फिरले. कशाला फिरले ते आजही नक्की कुणाला ठाऊक नाही. ते सापडले त्या जागेवरून एवढंच कळलं की मधलं दार ओढून घ्यायला गेले असावेत, आग पुढच्या खोलीत जाऊ नये म्हणून. बाईंनी हे लिहून घेतलं आणि पेन थांबवून नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या.  आणि मी त्यांच्यावर ओरडले. आईच्या वयाच्या बाईवर. हा सरकारी कार्यालयाचा वेळ आहे, भुताचा खेळ बास, उद्यापासून येऊ नका, असं म्हणाले. त्यांनी वही पिशवीत घातली, विणकाम घातलं आणि गेल्या. पुढचे तीन दिवस मी ढब्बूवर, चौथ्या जवानावर, फोनवर, पंख्यावर, सगळ्यांवर खेकसत होते. रोज बिल्ला काढायचा, रोज चौकटीत घालायचा. एकदा तर मी रिकाम्या शेडमध्ये पाटीसमोर उभी राहून मोठ्याने विचारलं, मास्तर, तुम्हाला नेमकं हवंय तरी काय? मला फाशी झालेली हवी आहे का? उत्तर आलं नाही. तसेही ते जिवंतपणी उत्तर सांगायचे नाहीत, पुन्हा करून दाखवायला लावायचे.

पुढची गोष्ट तेरा दिवसांपूर्वीची. भर दुपारी बाराला वर्दी आली, बाजारामागच्या मोठ्या लाँड्रीत आग. कपडे वाळवायच्या यंत्रात ठिणगी पडलेली. ज्वाळा फारशा नाहीत, पण धूर असा की स्वतःचा हात दिसेना. चौथ्याची कंबर धरलेली, तो बाहेर होजवर. चालककाका पंपावर आणि पाटीवरही. मी पहिल्या हुकवर माझा बिल्ला अडकवला, ढब्बूने दुसऱ्यावर त्याचा, आणि आम्ही आत गेलो. अर्ध्या तासात आग बसली. बाहेर निघताना ढब्बूचा हात माझ्या खांद्यावर होता, शेवटच्या वळणापर्यंत तरी होता. दार आलं, उजेड आला, मी सरळ पाटीकडे गेले. डोळ्यांतून पाणी, कानात घणघण, मास्क अजून तोंडावर. माझा बिल्ला काढला आणि त्याच झोकात हात शेजारच्या बिल्ल्यावर गेला. मी विचार केला नव्हता रे. हात आपोआप गेला. मागचा येतोच आहे, त्याचाही काढून ठेवू, त्याला देऊ, एवढंच.

बिल्ला निघेना. साधा उघडा हुक, त्यावर पितळेची चकती, लहान मूलही काढेल. मी ओढला तर सगळी पाटी माझ्याकडे आली, बिल्ला नाही. दुसऱ्यांदा ओढला. मास्कच्या आत, जिथे फक्त सिलिंडरमधली कोरडी हवा येते, तिथे लवंगेचा वास आला. मी तिसऱ्यांदा ओढत होते तेव्हा काका पंपावरून ओरडले, “बाई, तो ढब्बूचा आहे. ढब्बू कुठाय?” मी मागे वळले. मागे कुणी नव्हतं.

ढब्बू शेवटच्या वळणावर पडला होता. ओल्या चादरींनी भरलेली लोखंडी मांडणी त्याच्यावर उलटली होती, सिलिंडर त्यात अडकला होता आणि त्याला उठता येत नव्हतं. मी आणि चौथा जवान, त्याची कंबर गेली खड्ड्यात, परत आत गेलो आणि चार मिनिटांत त्याला बाहेर ओढलं. त्याच्या सिलिंडरमध्ये तेव्हा दोन मिनिटांची हवा होती. दोन. दवाखान्यात दोन दिवस राहून आला, बरा आहे, चादर अंगावर घ्यायला तेवढा तयार नाही. बाहेर आणल्यावर काकांनी पाटीवरून त्याचा बिल्ला काढला, दोन बोटांनी, सहज. आणि तो हातात धरून ते माझ्याकडे बघत उभे राहिले. काका बोलत नसले की समजावं त्यांना सगळं समजलं आहे.

आता ऐक. परवापर्यंत मी हे तोंडाने कधी उच्चारलं नव्हतं. गोदामाच्या आगीत मी बाहेर आले आणि दोन्ही बिल्ले काढले. माझा आणि मास्तरांचा. ते माझ्या मागेच होते, त्यांनी मला पुढे हो म्हणून ढकललं होतं, मला वाटलं आलेच. मी हे आधीही करायचे. तीनदा त्यांनी मला त्यावरून झापलं होतं, ज्याचा बिल्ला त्याने काढायचा, जोडीदारावर उपकार नकोत म्हणून. मी दोन्ही मुठीत घेतले आणि टँकरच्या मागे जाऊन ओकत बसले. तू पाटीकडे बघितलंस, हुक रिकामे होते, तू ‘सगळे बाहेर’ म्हणालास. बरोबर म्हणालास. पाटी तेच सांगत होती. मग बाहेरून पाणी सोडलं, आत कुणी गेलं नाही, बारा मिनिटं गेली. मास्तर कुठे आहेत अशी हाक उठली तेव्हा माझ्या मुठीत त्यांचा बिल्ला गरम होता. मी पाटीपाशी आले आणि मूठ उघडली. तो बिल्ला पडला नव्हता, धाकट्या. तुझा धक्का लागला नव्हता. मी टाकला. सगळे गोदामाकडे बघत असताना मी तो चिखलात टाकला आणि पायाने थोडा दाबला. आणि तुझी नोकरी गेली, तू गाव सोडलंस, आणि मी मुख्यालयात टेबलावर बसले, तिथून बढती घेऊन इथे प्रमुख म्हणून आले. सात वर्षांनी माझ्या हाताने तेच पुन्हा केलं असतं, ढब्बूच्या बाबतीत. मास्तर जाब तुला विचारत नव्हते. तुझ्याशी त्यांचं काही भांडणच नव्हतं. ते माझ्या या हातावर लक्ष ठेवून होते, मी कामावर असेन त्या प्रत्येक दिवशी, आणि सगळं गाव ते तुझ्यावर ढकलत होतं आणि मी ढकलू देत होते.

लाँड्रीच्या आगीच्या त्या संध्याकाळी होज धुताना काका माझ्याजवळ आले. म्हणाले, “त्या दिवशी होज मी एकट्याने जोडला होता, बाई. तुझ्या भावाला मी हाक मारली, तो आला नाही म्हणून शिवी घातली होती. पोरगा पाटीपासून पाऊलभर हलला नव्हता. चौकशीत म्हणाला पाठ फिरवली होती, तेव्हाच मला कळलं खोटं बोलतोय. मला वाटलं, डुलकी लागली असेल आणि लाज वाटत असेल. मला कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. सात वर्षं मी त्याला शिव्या घातल्या.” एवढं बोलून ते होज टाकून शेडच्या मागे गेले आणि बराच वेळ आले नाहीत.

म्हणजे तू पाहिलं होतंस. पाऊलभर हलला नव्हतास, म्हणजे माझा हात दोन्ही बिल्ल्यांवर गेलेला तू पाहिलास आणि बहुतेक मूठ उघडलेलीही पाहिलीस. मी सात वर्षं या भरवशावर जेवले-झोपले की तुला ठाऊक नाही. तू पाठ फिरवल्याचं सांगितलंस तेव्हा मला किती हायसं वाटलं होतं, हे लिहिताना मला माझीच किळस येते. मी रेडिओ पाडायचा आणि मार तू खायचास, हे आपण लहान असताना ठीक होतं. तुला कुणी सांगितलं होतं रे आयुष्यभर तेच करायला? मला तुझा रागही येतो. खूप येतो. एकदा तरी मला खेचून विचारायचं होतंस. ‘ठीक आहे, आईला दे’ म्हणत बसलास, आणि मला वाटत राहिलं, तुला लाज वाटते म्हणून तू माझ्याशी बोलत नाहीस.

काल मी मुख्यालयात लेखी जबाब दिला. सगळा, चिखलातल्या पायासकट. त्याची नक्कल सोबत आहे. मला कामावरून थांबवलं आहे, पुढे काय करतील ते करोत. आईला परवा सांगितलं. तिने पूर्ण ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “त्याला कळवलंस का?” तेव्हापासून ती माझं ताट वाढते, पण माझ्याशी बोलत नाही. आता हे पत्र का, ते सांगते. माफी मागायला नाही, ती मागायची तर तुझ्यासमोर उभी राहून मागेन, तू दार उघडलंस तर. चौकशी पुन्हा उघडते आहे आणि पुढच्या महिन्यात तुला साक्षीला बोलावणार आहेत. नोटीस या पत्रानंतर दोन-चार दिवसांत पोचेल, आणि त्याआधी तुला हे माझ्याकडून कळायला हवं होतं. ते विचारतील, पाटीजवळ होतास का आणि काय पाहिलंस. मी तुला ओळखते. तू म्हणशील, आठवत नाही, धूर होता, ताईची चूक नव्हती. तसं म्हणू नकोस. मी जे केलं ते तू पाहिलंस तसं सांग, माझ्यादेखत सांग. या वेळी मला सांभाळून घेऊ नकोस.

तुझीच, तू म्हणशील तर,
ताई